मनोविकार आणि लोकलज्जा

मराठीत ताप येतो, खोकला होतो, हाड मोडते. यांपैकी कोणत्याही दुखण्याने मनुष्याचे नाव बदलत नाही. मनाच्या दुखण्याची तऱ्हा मात्र निराळी आहे. प्रथम लोक म्हणतात, 'त्याला वेड लागले.' हे बोलणे अद्याप रास्त होय. कारण जे लागते ते सुटूही शकते. गाण्याचे वेड लागते, पत्त्यांचे वेड लागते, तसेच हेही. पण वर्ष लोटण्यापूर्वीच बोलण्याचा घाट पालटतो आणि 'तो वेडा आहे' असे वाक्य रूढ होते. आता दुखणे मनुष्याला झालेले नसून मनुष्य हाच दुखणे झालेला असतो. पुढे तो बरा झाला, कचेरीत जाऊ लागला, तरी हे विशेषण त्याची पाठ सोडीत नाही. घरची मंडळी आजाराला भितात त्याहून या विशेषणाला अधिक भितात, आणि उपचाराला उशीर होतो तो पुष्कळदा याच भीतीपायी.

रोगाची लाज एकट्या मनोविकारांच्याच वाट्याला आली आहे असे नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला. त्यापूर्वी मध्यमवर्गीय घरांत क्षयाचे नाव उघडपणे उच्चारीत नसत. रोगी 'हवापालटासाठी' जात असे, आणि घरात लग्नाची मुलगी असली म्हणजे तर तोंडाला कुलूपच पडे. औषध सापडले, रोगी बरे होऊन घरी येऊ लागले, तशी ती लाज पुष्कळ अंशी ओसरली. मनोविकारांच्या बाबतीत हा न्याय लागू पडला नाही. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच प्रसिद्ध केला होता. क्लोरप्रोमाझिन हे आधुनिक औषध १९५२ मध्ये वापरात आले. म्हणजे औषधे येऊन सत्तर वर्षे उलटून गेली, लाज मात्र जागच्या जागी. याचे कारण असे दिसते की, शरीर हे मनुष्याच्या मालकीची वस्तू मानले जाते, आणि मन म्हणजे तो मनुष्य स्वतःच, अशी समजूत आहे. फुप्फुस बिघडले तर दैवाला दोष देतात. मन बिघडले तर स्वभावाला, संस्कारांना, आईच्या लाडांना आणि बापाच्या कडकपणाला.

छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, उदाहरण घ्यावे. हा आजार बहुधा सोळा ते तीस या वयात डोके वर काढतो. नेमके परीक्षेचे, नोकरीचे आणि लग्नाचे हेच दिवस. मुलगा दार लावून बसू लागतो, अंघोळ टाळतो, कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी त्याची खात्री होते. घरात प्रथम अभ्यासाच्या ताणाचे निमित्त निघते. मग दृष्ट, मग पत्रिका, मग साडेसाती. सुशिक्षितांच्या घरी गंडा बांधीत नाहीत असे कोणी समजू नये. तो सदऱ्याच्या बाहीखाली बांधतात, एवढाच फरक. अखेर डॉक्टरकडे जाण्याचे ठरते, तेव्हा पुण्याचे कुटुंब मुंबईचा डॉक्टर शोधते आणि मुंबईचे कुटुंब पुण्याचा. गोळ्या आणावयाच्या त्या तीन पेठा ओलांडून. आई हळदीकुंकवाला जाणे सोडते, कारण तेथे 'मुलगा हल्ली काय करतो?' हा प्रश्न ठरलेला. या साऱ्यात महिने जातात, कधी वर्षे जातात. आणि पहिल्या झटक्यानंतर उपचाराला जितका विलंब, तितके पुढे बरे होणे अवघड, ही गोष्ट वैद्यकाने पुरेशी पारखून घेतलेली आहे.

बंगळूरच्या 'निमहान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मनोविकारांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता, पण निष्कर्ष त्याच्याही डोळ्यांत अंजन घालणारा आहे. निरनिराळ्या विकारांत उपचारावाचून राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ निघाले. याचा सारा दोष लाजेकडे जात नाही. पुष्कळ गावांत मानसोपचारतज्ज्ञ औषधालाही सापडत नाही. परंतु जेथे डॉक्टर दोन रस्ते पलीकडे आहे तेथील रोगीही घरात बसून राहतो, त्याचे उत्तर लाजेवाचून दुसरे कोणते द्यावयाचे?

लपवालपवीचा सर्वांत घातक प्रकार लग्नाचा. 'लग्न झाले की ठिकाणावर येईल' हा सल्ला देणारे वडीलधारे प्रत्येक घराण्यात असतात. या औषधाचा प्रयोग परक्याच्या मुलीवर किंवा मुलावर व्हावयाचा असतो, ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते. लग्नाच्या धावपळीत गोळ्या बंद होतात, जागरणे घडतात, आणि दुखणे उलटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द करून मागता येतो. तेव्हा ज्या संसारासाठी खोटे बोलावे, तो संसार त्या खोट्यानेच मोडण्याजोगा होतो. उलट, केवळ आजाराचे नाव पुढे करून घटस्फोट मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एका निकालात स्पष्ट केले. आजाराची तीव्रता अशी असली पाहिजे की सहजीवनाची अपेक्षाच वाजवी ठरू नये. याच कायद्यातील विवाहाच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये गळला, आणि घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये निघाला. मनोविकार मात्र त्या कलमात अद्याप आहे.

'वंशात आहे' ही दुसरी कुजबूज. ती सर्वस्वी निराधार नाही, पण तिचे माप चुकलेले आहे. छिन्नमनस्कता सर्वसाधारण लोकांत शंभरांत सुमारे एकाला होते. आई किंवा बाप यांपैकी एकाला असल्यास मुलांत तो संभव शेकडा दहाच्या आसपास जातो. म्हणजे शंभरांतील नव्वद मुले सुटतात. हुबेहूब सारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. मधुमेह पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या घराण्यांत सोयरीक जोडताना जी मंडळी डोळा लववीत नाहीत, त्यांनी एका चुलत्याच्या आजारावरून स्थळ परतवावे, हा हिशेब काही सरळ नव्हे. मनोरुग्ण म्हणजे हातात दगड घेतलेला मनुष्य, हेही असेच एक चित्र. बहुसंख्य रोगी कोणाला इजा करीत नाहीत. तेच मारहाणीला आणि लुबाडणुकीला अधिक बळी पडतात.

या भीतीला जुन्या कायद्यानेही हातभार लावला. महाराष्ट्रातील जुनी शासकीय मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. १९१२ च्या कायद्याप्रमाणे तेथील दाखला बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने होई, आणि हा कायदा १९९३ पर्यंत टिकला. येरवड्यास तर तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही. त्यामुळे गावाचे नाव घेऊन थट्टा करणारास दोहोंपैकी काय अभिप्रेत आहे, हे सांगण्याचीही गरज पडत नसे. रोगी आणि कैदी यांतील भेद पुसला जाण्यास याहून अधिक काय हवे?

आणि घरातून दूर ठेवण्याची परिसीमा तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसून आली. तेथील दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या खाजगी वसतिस्थानांत नातेवाईक रोग्यांना आणून सोडीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांपैकी एका ठिकाणी आग लागली आणि २८ रोगी जळून मेले. साखळदंडांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. साखळीने बांधण्यास आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट मनाई आहे.

याच्या अगदी उलट प्रयोग १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी केला. रुग्णालयात जागा अपुरी होती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रोग्याबरोबर तेथेच राहावयास सांगितले. आई स्वयंपाक करी, भाऊ औषध देई, आणि संध्याकाळी डॉक्टर सर्वांना एकत्र बसवून आजाराविषयी बोलत. शेजारच्या तंबूतही तसाच मुलगा आणि तशीच आई आहे, हे दिसल्यावर लपवावयाचे कोणापासून? रोगी बरा होताना कुटुंबाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून त्याला घरी नेण्यास ते कचरले नाही. पैशाच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती लाजेवर रामबाण ठरली, हे विशेष.

घरातील बोलण्याचा परिणाम मोजूनही पाहिला गेला आहे. लंडनमध्ये १९७० नंतरच्या दशकात असे आढळले की, ज्या घरी रोग्यावर सतत टीका होते, त्याचा तिटकारा दाखवला जातो किंवा त्याच्याभोवती अहोरात्र चिंतेचे कडे केले जाते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण पुष्कळ जास्त. पुढे चंडीगढला तशीच पाहणी झाली. तेथील कुटुंबांत असे बोल लंडनपेक्षा बरेच कमी निघाले. भारतीय घराला ही शिदोरी आहे. 'ऊठ, आळशी' आणि 'आज उठणे जड जात आहे का?' या दोन वाक्यांतील अंतर औषधाच्या मात्रेइतकेच मोलाचे असू शकते.

मग सांगावे कोणाला, आणि किती? चाळीच्या जिन्यात उभे राहून दवंडी पिटण्याचे कारण नाही. रोजच्या सहवासातील दोन-चार माणसांना आजाराचे खरे नाव सांगावे, कारण अडीअडचणीला तीच धावून येतात. चौकस पाहुण्यास 'आजारी होता, औषध चालू आहे, आता बरा आहे' एवढे पुरे. आवाज मात्र दबका नसावा, दबक्या आवाजानेच चौकशी वाढते. लग्न ठरत असेल तर साखरपुड्यापूर्वी, आणि शक्यतो रोग्याने स्वतः, डॉक्टरच्या समक्ष सांगावे. धाकट्या भावंडांना 'दादाला कोणी काही केले' असे कधीही सांगू नये. त्यांना आजाराचे नाव समजते. विचारावयास कोणीच नसेल तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

वृद्ध आईबापांना छळणारा प्रश्न याहून वेगळा असतो: आपल्यामागे याचे कोण? २०१७ च्या कायद्याने रोग्याला स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. दुखणे उतरलेले असताना त्याने आपल्या विश्वासाच्या सज्ञान व्यक्तीचे नाव साध्या कागदावर लिहून खाली सही किंवा अंगठा करावयाचा, आणि त्या व्यक्तीने लेखी संमती द्यावयाची. बहीण, मित्र, शेजारी, कोणीही चालते. रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही.