आजीचा तुकाराम जाड का झाला?

नाताळच्या सुट्टीत मी बेळगुंदीला घरी गेले तेव्हा काकांनी नवा टीव्ही घेतला होता. ४३ इंची, भिंतीवर लावलेला. घरात कौतुक चाललं होतं. आजीनं मात्र एकच मागणी केली, "त्यात तुकाराम लाव की."

आजीला हवा होता तो प्रभातचा 'संत तुकाराम'. तिनं तो लहानपणी एकदाच बघितलेला, तंबूतल्या सिनेमात, वडिलांच्या मांडीवर बसून. पणजोबा वारकरी. सिनेमाच्या शेवटी ते रडले होते आणि का रडले ते आपल्याला कळलं नव्हतं, एवढं तिला पक्कं आठवतं. आता तिचं वय ऐंशीच्या पुढं आहे. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

काकांच्या कपाटात त्या चित्रपटाची जुनी डीव्हीडी होती. माझा लॅपटॉप, बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक एचडीएमआय केबल एवढ्यावर आमचं थिएटर सुरू झालं. दहा मिनिटांत आजी म्हणाली, "ह्यो तुकाराम न्हवं गं. तुकाराम एवढा जाडा कुठं हुता? ह्यो तर सावकार दिसालाय."

सगळे हसले. मी पण हसले. आणि मग नीट बघितलं तर आजीचं शंभर टक्के खरं होतं. तुकाराम जाड होता, निळसर होता, झटके देत चालत होता आणि अंधारात गेला की दिसेनासा होत होता. थोड्या वेळानं आजी उठून आत गेली. "डोळंच गेलं माझं," एवढंच म्हणाली. दोष डोळ्यांचा नव्हता, आमच्या सेटिंगचा होता, आणि ते तिला सांगायला माझ्याकडं त्या वेळी शब्द नव्हते.

पुढचे दोन दिवस मी त्या मागे लागले. जे कळलं ते इथं क्रमानं सांगते. आपल्या मंडळातही आपण लॅपटॉप जोडून चित्रपट बघतो, तेव्हा उपयोगी पडेल.

आधी आकार

बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातली चौकट आजच्यासारखी लांबट नव्हती. रुंदी आणि उंचीचं प्रमाण साधारण ४:३ होतं. आजचा टीव्ही १६:९ आहे. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ४:३ चं चित्र पूर्ण उंचीनं दाखवलं तर ते १४४० पिक्सेल रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. राहू द्यायच्या. माझ्या चुलत भावाला त्या पट्ट्या बघवल्या नाहीत, म्हणून त्यानं व्हीएलसी प्लेअरमध्ये १६:९ निवडून चित्र ताणलं होतं. १४४० चे १९२० झाले, म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद झाला. तुकारामाचा सावकार झाला तो असा.

व्हीएलसीमध्ये कीबोर्डवरचं 'ए' दाबत गेलं की हे प्रमाण बदलत जातं. 'डिफॉल्ट' वर आणा. तरी चेहरे फुगलेले वाटले तर ४:३ निवडा. खात्रीसाठी चित्रात एखादी गोल वस्तू शोधा, टाळ किंवा चाक. ते गोल दिसलं की झालं. टीव्हीमध्येही 'वाइड', 'झूम' असे पर्याय असतात. तिथं 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' ठेवायचं, म्हणजे टीव्ही चित्राच्या कडा कापत नाही.

चित्र एकदाच मोठं होऊ दे

माझा लॅपटॉप जुना आहे, त्याचा पडदा १३६६ × ७६८ चा. टीव्ही जोडल्यावर 'डुप्लिकेट' निवडलेलं होतं, म्हणून टीव्हीलाही तेवढंच चित्र जात होतं. म्हणजे डीव्हीडीचं चित्र प्लेअर एकदा मोठं करणार आणि तेच पुन्हा टीव्ही मोठं करणार. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. विंडोज आणि 'पी' ही बटणं एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' घेतलं आणि रिझोल्यूशन १९२० × १०८० केलं. धूसरपणा लगेच कमी झाला.

पण इथं एक हिशेब लक्षात ठेवा. या डीव्हीडीच्या चित्रात ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेल आहेत. पडद्यावर आपण १४४० × १०८०, म्हणजे सुमारे १५ लाख ५५ हजार भरतो. चार पिक्सेलांतले जवळपास तीन यंत्रानं अंदाजानं भरलेले असतात. कुठलंही सेटिंग नसलेला तपशील आणू शकत नाही. टीव्हीचं 'शार्पनेस' वाढवलं की चित्र रेखीव झाल्यासारखं वाटतं, पण नीट बघा: माणसांच्या कडेनं एक पांढरी रेघ उमटते. ती रेघ कॅमेऱ्यानं टिपलेली नाही. मी शार्पनेस शून्याच्या जवळ आणलं. 'नॉइज रिडक्शन' पण बंद केलं, कारण ते फिल्मच्या दाण्यांबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसून टाकतं.

कंगव्याचे दात

भजनाच्या दृश्यात हात हलले की त्यांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसत होते. जुन्या टीव्हीच्या पद्धतीत एक चित्र दोन हप्त्यांत दाखवत. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर २, ४, ६ अशा सम ओळी. जुन्या पडद्यावर ते खपून जायचं. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो. दोन हप्त्यांच्या मधे हात पुढं सरकलेला असला की ओळी जुळत नाहीत आणि दात दिसतात.

यावरचा उपाय म्हणजे 'डीइंटरलेस'. व्हीएलसीमध्ये 'डी' दाबलं की तो चालू किंवा बंद होतो. त्यातले प्रकार 'व्हिडिओ' मेनूत मिळतात, मी 'यादिफ' निवडला. पण दात दिसत नसतील तर हे बंदच ठेवा. विनाकारण चालू ठेवलं तर चांगल्या चित्रातला तपशील कमी होतो.

पन्नास की साठ?

बोलपट सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत २५ ची, आणि आमची डीव्हीडी त्या पद्धतीची. टीव्हीला मात्र लॅपटॉपकडून ६० हर्ट्झचा सिग्नल जात होता. २५ चित्रं ६० जागांत बसवायची म्हणजे काही चित्रं दोनदा दाखवायची, काही तीनदा. कॅमेरा आडवा फिरला की ठेच लागल्यासारखं होतं ते यामुळं. विंडोजच्या 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' मध्ये जाऊन ५० हर्ट्झ केलं. आता प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. चाल सुधारली.

याच कामासाठी टीव्हीत 'मोशन स्मूदनेस' सारखी सोय असते. ती दोन चित्रांच्या मधे आपल्या मनची चित्रं घालते. हालचाल लोण्यासारखी होते, पण जुना चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ती बंद.

एक गोष्ट मात्र माझ्या हाती नव्हती. २४ चा चित्रपट २५ नं चालवला की तो थोडा लवकर संपतो, दोन तासांमागे जवळपास पाच मिनिटं. आवाजाची दुरुस्ती केलेली नसेल तर सूरही चढतो, सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराहून थोडा कमी. गाणाऱ्यांच्या कानाला ते कळतं.

काळं किती काळं?

सगळ्यात मोठा फरक इथं पडला. व्हिडिओत काळा रंग १६ या आकड्यावर धरतात आणि पांढरा २३५ वर. कॉम्प्युटर मात्र ० ते २५५ मोजतो. दोघांनी एकच माप धरलं तर ठीक. लॅपटॉप 'फुल' पाठवतोय आणि टीव्ही 'लिमिटेड' समजतोय, तर १६ च्या खालचं सगळं टीव्ही ठार काळं करतो आणि अंधारातले चेहरे त्यात बुडतात. उलट झालं तर काळ्याचा राखाडी होतो आणि चित्रावर धुकं पसरतं.

आमचा पहिला प्रकार होता. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कंट्रोल पॅनेलमध्ये 'लिमिटेड' निवडलं. काही टीव्हींमध्ये हेच 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' या नावानं बदलता येतं. दोन्हीकडं एकदम बदलू नका, नाहीतर पुन्हा घोळ. तपासणी सोपी आहे. काळे केस किंवा खांद्यावरचं काळं घोंगडं बघायचं. त्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत आणि तरी ते काळंच वाटलं पाहिजे.

मग टीव्हीचा 'व्हिविड' मोड काढून 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' ठेवला. व्हिविड दुकानाच्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी असतो. त्याचा पांढरा निळ्याकडं झुकतो. व्हिडिओतल्या पांढऱ्याचं ठरलेलं माप ६५०० केल्विनच्या आसपास, साधारण दिवसाच्या उजेडासारखं. मूव्ही मोड त्याच्या जवळ असतो. पहिली पाच मिनिटं तो पिवळट वाटतो, मग डोळे सरावतात. हे तपासायला कृष्णधवल चित्रपटासारखी कसोटी नाही, कारण त्यात रंग नसतोच. दिसला तर तो टीव्हीनं घातलेला.

शेवटी खोलीतली ट्यूबलाइट बंद केली आणि टीव्हीच्या मागं एक बारका दिवा लावला, थेट डोळ्यांवर येणार नाही असा. त्यानं अंधारातली दृश्यं खुलतात आणि डोळे दुखत नाहीत. आजीसारख्या डोळ्यांना तर हे फारच महत्त्वाचं.

हे सगळं कशासाठी?

यादी परत वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चित्रात काहीच घातलं नव्हतं, फक्त काढलं होतं. ताण काढला, निळा काढला, खोट्या रेघा काढल्या, मधे घुसडलेली चित्रं काढली. आपण मंडळात अंकाचं मुद्रितशोधन करतो तसंच हे आहे. लेखकाचं वाक्य आपल्याला सुधारायचं नसतं, छापताना शिरलेल्या चुका तेवढ्या काढायच्या असतात.

आणि या चित्रपटाच्या बाबतीत ते जास्तच खरं आहे. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. निपाणीहून तासाभरावरचं गाव, म्हणजे आम्हा सीमाभागातल्यांना शेजारचंच. १९३३ ला कंपनी पुण्याला गेली आणि १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, आवली झाली गौरी. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि प्रभातच्या अनेक मूळ निगेटिव्ह त्यात जळाल्या. तुकोबांची गाथा इंद्रायणीनं परत दिली अशी श्रद्धा आहे. आगीतून परत काही येत नाही. आपल्याकडं उरतात त्या प्रती. अभंगांचे पाठभेद आपण अभ्यासतो, कुठला शब्द नकलाकाराचा आणि कुठला तुकोबांचा ते शोधतो. मग प्रत बघताना आणखी एक चुकीचा पाठ आपल्या टीव्हीनं तयार करावा, हे बरं नव्हे.

आमच्या भागात उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावागावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. भाषा टिकवायची म्हणून लोक स्वतः राबतात. जुना चित्रपट जसा होता तसा दाखवणं हे त्याच कामातलं एक लहान काम आहे, असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर आजीला पुन्हा बसवलं. ती "नको गं, दिसत न्हाई मला" म्हणत होती. पाच मिनिटं झाली आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "हां. ह्यो तुकाराम." भावानं एकदा पट्ट्यांकडं बोट दाखवलं, तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतो. सगळे वर बघत होते. आजी खाली बघत होती, आवलीकडं.

"बाबा माझे रडले ते हितं," ती म्हणाली. "मला वाटलेलं तुकाराम गेला म्हणून रडले. तसं न्हवं. आवली मागं ऱ्हायली की गं."

पहिल्या दिवशी ती शेवटापर्यंत बसली असती, तर त्या ठार काळ्या सावलीत आवलीचा चेहरा तिला दिसला असता का, कोण जाणे. म्हणून सांगते, घरी किंवा मंडळात जुना चित्रपट लावण्याआधी पंधरा मिनिटं द्या. आकार, रिझोल्यूशन, दात, हर्ट्झ, काळा, खोलीतला उजेड, याच क्रमानं. आणि कुणी म्हातारं माणूस "मला दिसत नाही" म्हणालं, तर आधी रिमोट हातात घ्या.