विश्लेषण : छोट्या शहराचा बास्केटबॉल क्लब उभा राहतो कसा? नागपाड्याने काय केले आणि परभणीला काय करता येईल?

बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यावर ऑस्टेंड नावाचे शहर आहे. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे गंगाखेडपेक्षा थोडे मोठे आणि परभणी शहराच्या जेमतेम पाव हिश्श्याइतके. तरीही या शहराच्या बास्केटबॉल क्लबने २०१२ नंतर तब्बल दशकभर देशाचे विजेतेपद दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिले नाही. परभणीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच तीन लाखांवर गेली होती. शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, कृषी विद्यापीठ आहे, खेळणारी मुले तर आहेतच. मग असा क्लब आपल्याकडे का उभा राहत नाही? याचे उत्तर शोधायला बेल्जियमला जाण्याची गरज नाही. मुंबईतल्या नागपाडा या दाट वस्तीच्या मोहल्ल्याने ते जवळपास शंभर वर्षांपूर्वी शोधायला सुरुवात केली होती.

बास्केटबॉल भारतात आला कसा?

हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जन्मला. वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेतील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे एक साधी अडचण होती. बाहेर कडाक्याची थंडी, आत तरुण विद्यार्थ्यांचा कंटाळलेला वर्ग. त्यांनी सभागृहाच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि फुटबॉलचा चेंडू हातात दिला. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता. रिंगची उंची आजही तेवढीच, ३.०५ मीटर आहे.

वायएमसीएचे कार्यकर्ते जिथे जिथे गेले, तिथे हा खेळ गेला. भारतात त्याचा मोठा प्रसार मद्रासमधून झाला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. तिथून शिकलेले शिक्षक देशभरच्या शाळांत पोहोचले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. म्हणजे भारतात हा खेळ शाळेच्या आणि मिशनच्या अंगणातून आला. जिथे ते अंगण सर्वांसाठी उघडे राहिले, तिथे तो वस्तीचा झाला.

नागपाड्यात तो का रुजला?

नागपाडा हा मध्य मुंबईत भायखळ्याला लागून असलेला कामगार वस्तीचा भाग. चाळी, कारखाने, गोदामे आणि अरुंद गल्ल्या. मोकळी जागा नावालाच. अमेरिकन मराठी मिशनने १९२६ मध्ये येथे समाजकार्याचे केंद्र उभारण्याचे ठरवले. हेच ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या आणि पुढे अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू करणाऱ्या मिशनचेच हे काम होते.

केंद्राची धुरा डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्याकडे होती. लंडन आणि शिकागोत तेव्हा ‘सेटलमेंट हाऊस’ची चळवळ जोरात होती. शिकलेल्या माणसाने गरीब वस्तीत जाऊन राहायचे आणि वस्तीच्या रोजच्या अडचणींवर काम करायचे, अशी ती कल्पना. वर्ग, दवाखाना, वाचनालय यांच्या जोडीला मुलांसाठी खेळ हा त्या कामाचाच भाग असे.

बास्केटबॉल तिथे नेमका बसला. क्रिकेटला मोठे मैदान लागते, फुटबॉललाही. बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटरचे. चार गुंठे आणि वर थोडी जागा झाली की काम भागते. एक चेंडू दहा जणांना पुरतो. बॅट, पॅड, स्टंप यांचा खर्च नाही. शिवाय बाजूला उभे राहून बघणारे पोर पाच मिनिटांत आत उतरू शकते.

याच इमारतीत आणखी एक गोष्ट घडली. १९३६ मध्ये येथेच समाजकार्य शिकवणारी ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल’ ही संस्था सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’. संस्था पुढे देवनारला गेली. बास्केटबॉल मात्र नागपाड्यातच राहिला.

अब्बास मुंतसिर यांचे नाव का घेतले जाते?

मिशनरी लावून गेले ते रोप वस्तीतल्या माणसांनी वाढवले. त्यात प्रशिक्षक बच्चू खान यांचे नाव सर्वात आधी येते. नागपाड्यातील महापालिकेचे क्रीडांगण आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. खेळाडूंच्या नावाने स्टेडियम असतात. मोहल्ल्यातल्या प्रशिक्षकाच्या नावाने मैदान असणे विरळाच.

याच मोहल्ल्यात वाढलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले. जन्म १९४२ चा. चेंडू पाठीमागून फिरवणे, प्रतिस्पर्ध्याला चकवून पास देणे अशा खेळामुळे ते प्रेक्षकांचे लाडके होते. भारतीय रेल्वेकडून ते खेळले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अरुंद गल्लीतल्या एका पोराने देशाच्या संघाचे नेतृत्व केले, ही गोष्ट नागपाड्याच्या पुढच्या पिढ्यांना कोणत्याही भाषणापेक्षा जास्त पटली. ‘आपल्यातला एक गेला, म्हणजे आपणही जाऊ शकतो’ हा विश्वास क्लबची खरी पुंजी असतो.

नागपाड्याचा ‘एनबीए’ म्हणजे काय?

‘नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन’ या नावाची आद्याक्षरेही ‘एनबीए’ अशीच होतात. अमेरिकेतील अब्जावधी डॉलरच्या लीगचे आणि या मोहल्ल्याच्या क्लबचे लघुनाव एकच, हा योगायोग तिथली मुले अभिमानाने मिरवतात.

या क्लबची ताकद त्याच्या रचनेत आहे. मैदान घराखाली आहे. येण्यासाठी बसचे भाडे लागत नाही. संध्याकाळी लहान मुले आधी खेळतात, मोठे नंतर. मोठ्यांचा खेळ बघत लहान शिकतात आणि काही वर्षांनी तेच शिकवू लागतात. नागपाडा मोठ्या शहरात असला, तरी क्लब चालतो तो एखाद्या छोट्या गावासारखा. सगळे एकमेकांना ओळखतात आणि मुलगा दोन दिवस दिसला नाही तर घरी विचारपूस होते.

मग भारतात असे क्लब मोजकेच का?

कारण भारतीय बास्केटबॉल क्लबवर नव्हे, नोकरीवर उभा आहे. देशातील मोठे संघ पाहिले तर हे लगेच लक्षात येते. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस. चांगला खेळाडू विशीत पोहोचला की त्याला संस्थेत नोकरी मिळते आणि तो त्या संस्थेचा होतो. ज्या गावाने त्याला घडवले, त्या गावाच्या संघाकडून तो पुन्हा क्वचितच खेळतो.

ही व्यवस्था वाईटच, असे म्हणता येणार नाही. गरीब घरातल्या मुलाने खेळावर सात-आठ वर्षे घालवावीत, यासाठी पालकांना पटणारे सर्वात मोठे कारण नोकरी हेच असते. पूर्णा जंक्शनमुळे रेल्वेच्या नोकरीचे मोल परभणी जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. पण याची दुसरी बाजू अशी, की ज्याला नोकरी मिळत नाही त्याचा खेळ तिथेच संपतो. शालेय स्पर्धा, दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि नंतर काहीच नाही, असा अनेकांचा प्रवास होतो.

व्यावसायिक लीगचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए लीग २०१७ नंतर थांबली. २०२२ मध्ये महासंघाने ‘इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग’ सुरू केली. पण अशा लीगमधले संघ वरून तयार होतात. खाली वस्तीत क्लब नसेल, तर खेळाडू आणि प्रेक्षक दोन्ही बाहेरून आणावे लागतात.

बेल्जियमची पद्धत वेगळी कशी?

तिथे क्लब हा शहराचा असतो. लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत प्रत्येक वयोगटाचा संघ, सभासदांची वर्गणी, नगरपालिकेचे सभागृह आणि स्थानिक प्रायोजक असा चौरंगी पाया असतो. आई-वडील स्वयंसेवक म्हणून गुणफलकही सांभाळतात. मूल सहाव्या वर्षी ज्या क्लबमध्ये येते, त्याच क्लबमध्ये चाळिशीतही हौशी संघातून खेळू शकते. नोकरी वेगळी, क्लब वेगळा.

पण तिथेही सारे आलबेल नाही. मेखेलेन या ऑस्टेंडएवढ्याच शहराच्या ‘रेसिंग मेखेलेन’ क्लबने १५ वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. एका बिअर कंपनीच्या प्रायोजकत्वामुळे तिचे नावही क्लबला जोडले गेले होते. तरीही १९९५ मध्ये त्याचे अँटवर्पच्या क्लबात विलीनीकरण झाले आणि संघ मोठ्या शहरात गेला. जिंकलेल्या पदकांमुळे क्लब शहरात टिकतोच असे नाही, हा मेखेलेनचा धडा आहे. प्रायोजक येतो आणि जातो. मैदान आणि माणसे राहिली तरच पुन्हा उभे राहता येते.

भारतात छोट्या ठिकाणांनी करून दाखवले आहे का?

होय, आणि दोन्ही उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. पंजाबमधील बल्लोके या गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए निवड प्रक्रियेत डॅलस संघाकडून निवडला गेला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. तो घडला लुधियानाच्या अकादमीत, प्रशिक्षक एस. सुब्रमणियन यांच्या हाताखाली.

दुसरे उदाहरण भिलाईचे. पोलाद कारखान्याच्या या शहरात प्रशिक्षक राजेश पटेल यांनी साध्या घरांतल्या मुलींना हाताशी धरले. छत्तीसगडच्या मुलींचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे दबदबा ठेवून होते, त्यामागे हे काम होते. लुधियाना असो, भिलाई असो की नागपाडा, सर्वत्र एक प्रशिक्षक एकाच मैदानावर अनेक वर्षे थांबला. इमारत नंतर आली किंवा आलीही नाही.

परभणीसाठी याचा अर्थ काय?

परभणीत गुणवत्तेचा तुटवडा नाही. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ज्योती गवते परभणीचीच. पण धावपटू रस्त्यावर एकटा सराव करून वर येऊ शकतो. सांघिक खेळात ते शक्य नाही. तिथे रोज दहा जण जमावे लागतात आणि ते जमवणारी व्यवस्था म्हणजेच क्लब.

जागेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. राज्याच्या धोरणात विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुले आहेत. अनेक शाळांकडे पटांगण आहे, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. शाळेचेच मैदान संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या मुलांसाठी उघडले, तर नवे काहीही न बांधता सुरुवात होते. पूर्ण मैदानाला जागा नसेल, तर टोकियो ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ झालेला ‘थ्री बाय थ्री’ प्रकार आहे. त्याला एकच रिंग आणि १५ बाय ११ मीटर जागा लागते. एका संघात तीनच खेळाडू मैदानावर असतात.

अवघड आहे ते पुढचे. सेलू, जिंतूर किंवा मानवतमध्ये एखादे क्रीडाशिक्षक मुले जमवतात, संघ आकाराला येतो आणि शिक्षकांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात. मग रिंग गंजते. त्यामुळे काम एका व्यक्तीवर न ठेवता माजी खेळाडूंकडे सोपवणे हाच उपाय उरतो. बारावीनंतर खेळ सुटलेली, पण गावातच दुकान, शेती किंवा नोकरी करणारी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांनी लहानांना शिकवले आणि महिन्याला थोडी वर्गणी गोळा केली, तर क्लबचा पाया तयार होतो. मुलींसाठी वेळ वेगळा आणि उजेडातला ठेवला, तर पालकही पाठवतात.

पहिल्या वर्षी पदक येणार नाही, कदाचित पाचव्या वर्षीही येणार नाही. मॅनशार्ट यांनी केंद्र उभारल्यापासून मुंतसिर यांना अर्जुन पुरस्कार मिळेपर्यंत नागपाड्याला चार दशकांहून अधिक काळ लागला. तोवर मैदान रोज संध्याकाळी उघडे ठेवणे, एवढेच वस्तीच्या हातात होते.