फेकलेली पुडी

बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी मिळे. त्यातले साधे, बिगर-बीटी बियाणे शेताच्या कडेने पेरायचे असे. आमच्या घरी ती पुडी कधी उघडलेली मला आठवत नाही. अळीसाठी कोण कपाशी लावणार?

उत्तर उत्क्रांतीत आहे. असंख्य गुलाबी बोंडअळ्यांत एखादीच बीटीचे विष पचवते. हा गुण अप्रभावी असतो. आईबाप दोघांकडून जनुक आले तरच तो प्रकटतो. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले पतंग या मोजक्या पतंगांशी जुळले, की त्यांची संतती बीटी खाऊन मरते. कडच नसेल, तर वाचलेल्यांना वाचलेलेच जोडीदार मिळतात.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी ही कड राखली आणि तिथे बीटी टिकले. आपल्याकडे २००२ साली आलेल्या बीटीची बोंडे २०१७ साली विदर्भात अळीने पोखरली. लांबलेला हंगामही त्याला कारण होताच.

पण दोन एकरवाल्याने पाचवा हिस्सा गावाच्या भल्यासाठी सोडावा, असे सांगणाऱ्या नियमाने त्याच्या तोट्याची सोय केली नव्हती. धोरणाला अळीचे गणित कळले होते, शेतकऱ्याचे नाही.