मंगल, तुंगा, गौतमी : र. कृ. जोशी यांची अक्षरं
(वळसंग येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं इकडं येताना मी नुसत्या पाट्या वाचत आलो. मराठी, मधूनच कन्नड. सोलापुरात तर तेलुगूसुद्धा. आता पाटी रंगवणारा पेंटर कमी दिसतो, कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून फ्लेक्स छापला जातो. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांच्या देखरेखीखाली या तिन्ही लिपींची अक्षरं विंडोजसाठी तयार झाली. प्रा. र. कृ. जोशी. सुलेखन आणि जाहिरातीच्या जगाबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

जन्म 1936 चा. मुंबईत ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत त्यांची बरीच वर्षं गेली. काळ साठच्या दशकाचा. त्याच सुमाराला तिकडं सॅन फ्रान्सिस्कोत गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं निघत होती : अक्षरं वितळल्यासारखी, फुगलेली, वाचायला मुद्दाम अवघड. अक्षर म्हणजेच चित्र! जोशीही अक्षराकडं चित्र म्हणून पाहत. ते कवी होते, अक्षरांच्या मांडणीतून कविता उभी करायचे. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र उलट्या टोकाचं निघालं. वाचताना अक्षर जाणवूच नये, असं अक्षर त्यांनी घडवलं.

‘उल्का’नंतर ते पवईच्या आयआयटीत आयडीसीमध्ये शिकवायला गेले आणि तिथून एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत. तिथं प्रश्न काय होता, तो जरा नीट बघू.

तुमच्यापैकी कुणी डीटीपीचं काम केलं असेल तर आठवेल. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. कॉम्प्युटरला वाटायचं, आपण इंग्रजीच साठवतोय. लग्नपत्रिकेची फाईल दुसऱ्या दुकानात नेली, तिथं तोच फॉन्ट नसला, की वधू-वरांच्या नावाच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा! युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. पण क्रमांक दिल्यानं देवनागरी दिसत नाही, बरं का. ‘कि’ घ्या. साठवताना आधी क, मग वेलांटी. दिसताना वेलांटी आधी. ‘क्ष’ म्हणजे आत क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं, बाहेर एकच आकार. ‘अर्क’मध्ये र आधी येतो आणि जाऊन बसतो क च्या डोक्यावर. हे सगळे आकार आणि ते कधी वापरायचे याचे नियम फॉन्टच्या पोटात भरावे लागतात. वर शिरोरेषा कुठं तुटता कामा नये.

त्यात मराठीचं आणखी एक. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे पैसे. एका रफारानं माणूसच बदलतो! हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, आपलं त्यावाचून अडतं.

विंडोज 2000 बरोबर देवनागरीचा ‘मंगल’ आला. मुख्य रचनाकार जोशी, साहाय्य विनय सायनेकर यांचं. पुढं विंडोज एक्सपीत कन्नडसाठी ‘तुंगा’, तेलुगूसाठी ‘गौतमी’. दोन्ही नद्यांची नावं. म्हणजे सोलापूरच्या बाजारात बोलल्या जाणाऱ्या तीन भाषा एकाच माणसाच्या नजरेखालून कॉम्प्युटरवर आल्या.

‘मंगल’ फार देखणा आहे असं मी म्हणणार नाही. वर्डमध्ये त्याच्या ओळी उगाच लांब-लांब पडतात, यावर कारकून मंडळी वैतागतात, ते खरंच आहे. पण तो कॉम्प्युटरबरोबरच यायचा. विकत घ्यायला नको, शोधायला नको. मराठी ई-मेल समोरच्याला वाचता येऊ लागली, त्यात या साध्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

अखेरच्या वर्षांत ते वैदिक संस्कृतच्या स्वरचिन्हांसाठी संकेत ठरवण्यात गुंतले होते. 5 फेब्रुवारी 2008 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं.

मघाशी एकानं विचारलं, हा ‘दऱ्या’ टाईप कसा करायचा? इनस्क्रिप्ट कळफलकावर जे ची कळ म्हणजे र. तीच शिफ्ट धरून दाबा, ऱ येईल. मग डी दाबून हलन्त आणि पुढं य. फॉन्ट ‘मंगल’ निवडा आणि घरी जाऊन बघा.