खरकटे दळणारे यंत्र : रचना, जोडणी व मर्यादा

गोषवारा : स्वयंपाकघरातील सिंकखाली बसविले जाणारे अन्नकचरा दळण्याचे यंत्र, म्हणजे गार्बेज डिस्पोजर, अमेरिकेतील घरांत दीर्घकाळापासून प्रचलित आहे. प्रस्तुत लेखात या यंत्राचा उगम, त्याची रचना, ते बसविण्याची व बदलण्याची पद्धत आणि त्यासंबंधीची विद्युत सुरक्षितता यांचे विवेचन केले आहे. हे यंत्र कचरा नष्ट करीत नाही, तर त्याचा मार्ग बदलते. त्यामुळे यंत्र बसवावे की नाही, हा निर्णय सिंकच्या मापाइतकाच नळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अन्नकचरा, सिंक, ट्रॅप, सांडपाणी, सेप्टिक टाकी, ओला कचरा

१. प्रस्तावना

आपल्याकडे खरकटे वेगळे काढून ठेवण्याची रीत जुनी आहे. ते गुरांच्या आंबोणात जाई, परसातील खड्ड्यात पडे किंवा अलीकडच्या काळात ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. शिक्षण किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबास मात्र भाड्याच्या घरातील सिंकखाली एक जाड नळकांड्यासारखे यंत्र आढळते. भिंतीवरील बटण दाबताच ते घरघरते आणि सिंकमधील खरकटे दिसेनासे होते. दिसेनासे झाले म्हणजे संपले, असा समज येथूनच निर्माण होतो. हे यंत्र बिघडले किंवा गळू लागले की ते स्वतः बदलता येईल काय, आणि भारतात परतल्यावर असेच यंत्र बसवावे काय, हे दोन प्रश्न पुढे उभे राहतात. या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रितपणे करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

२. उगम व प्रसार

विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावचे वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये हे यंत्र कल्पिले. त्यास १९३५ मध्ये एकस्व मिळाले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘इन-सिंक-इरेटर’ ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांतील घरबांधणी वाढली आणि त्याबरोबर हे यंत्रही स्वयंपाकघराचा एक भाग बनले.

तथापि, त्याचा स्वीकार सर्वत्र सारखा झाला नाही. न्यूयॉर्क शहरातील बऱ्याच भागांत पावसाचे पाणी व मैलापाणी एकाच भुयारी गटारातून वाहते. जोराचा पाऊस झाला की हे मिश्र पाणी शुद्धीकरणाविना नदी-खाडीत जाते. या कारणास्तव अशा भागांत १९७० च्या दशकापासून घरगुती यंत्रांवर बंदी होती. शहराच्या पर्यावरण संरक्षण विभागाने प्रत्यक्ष अभ्यास केल्यानंतर १९९७ मध्ये ती उठविण्यात आली. यंत्र तेच, परंतु त्याची योग्यायोग्यता गटाराच्या स्वरूपावरून ठरविली गेली, ही बाब लक्षणीय आहे.

३. रचना व कार्य

या यंत्रात मिक्सरसारखी धारदार पाती असतात, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः यंत्राच्या वरच्या भागात दळणकक्ष व खालच्या भागात विजेची मोटार असते. मोटारीच्या दांड्यावर पोलादी तबकडी बसविलेली असून तिच्यावर हलणारे बोथट ठोकळे असतात. तबकडी फिरू लागली की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे खरकटे कडेला फेकले जाते. तेथे खाचा असलेले स्थिर कडे असते. ठोकळे व कडे यांच्यामध्ये अन्न घासले जाऊन बारीक होते आणि पाण्याबरोबर खाचांतून खाली उतरून नळीवाटे बाहेर पडते. म्हणजे यंत्राची कृती कापण्याची नसून जात्याप्रमाणे भरडण्याची आहे.

घरगुती यंत्राची मोटार साधारणपणे एक तृतीयांश ते एक अश्वशक्तीची असते. नेहमीच्या प्रवर्तन मोटारीची गती अमेरिकेत मिनिटास सुमारे १,७२५ फेरे इतकी असते. कठीण पदार्थामुळे तबकडी अडकली, तर मोटार जळू नये म्हणून आतील सुरक्षा यंत्रणा वीजप्रवाह तोडते. यंत्राच्या तळाशी असलेले लहानसे, बहुधा लाल, बटण दाबले की ती पूर्ववत होते.

४. बदलण्यापूर्वीचे निदान

प्रत्येक बिघाडात यंत्र बदलावे लागतेच असे नाही. बटण दाबल्यावर केवळ गुणगुण ऐकू येत असेल, तर तबकडी अडकली आहे असे समजावे. प्रथम वीजपुरवठा मुख्य फळीवरून बंद करावा. अनेक यंत्रांच्या तळाशी मध्यभागी षट्कोनी खाच असते. तीत पाव इंची ॲलन की घालून दोन्ही दिशांना फिरविल्यास तबकडी मोकळी होते. अडकलेला चमचा किंवा हाडाचा तुकडा चिमट्याने काढावा. वीज बंद असली, तरी दळणकक्षात हात घालू नये. आवाजच येत नसेल, तर तळाचे लाल बटण दाबून पाहावे.

गळतीचे निदान तिच्या जागेवरून होते. पाणी सिंकच्या भोकाजवळून झिरपत असेल, तर तेथील पुट्टी सुकली आहे किंवा स्क्रू सैल झाले आहेत. बाजूच्या नळीपाशी गळत असेल, तर रबरी वायसर बदलणे पुरेसे असते. परंतु यंत्राच्या तळातून पाणी ठिबकत असेल, तर मोटारीवरील आतले सील निकामी झाले आहे. अशा वेळी पाणी मोटारीच्या विद्युत भागापर्यंत पोहोचू शकते, म्हणून दुरुस्तीच्या खटपटीत न पडता यंत्र बदलणेच इष्ट ठरते.

५. बसविण्याची प्रक्रिया

(अ) पूर्वतयारी : अमेरिकी सिंकचे भोक साधारणपणे साडेतीन इंच व्यासाचे असते व बहुतेक यंत्रे त्याच मापाची असतात. भारतातील जुन्या सिंकचे भोक पुष्कळदा लहान असते, म्हणून खरेदीपूर्वी माप घेणे अत्यावश्यक आहे. यंत्राच्या निर्गम तोंडाची उंची हे दुसरे महत्त्वाचे माप होय. भिंतीत जाणारी सांडपाण्याची नळी या तोंडाहून खाली असली पाहिजे. लहान यंत्राच्या जागी अधिक उंचीचे यंत्र बसविले की हे तोंड खाली येते, यंत्रात पाणी साचते व दुर्गंधी सुटते.

(आ) जुने यंत्र काढणे : वीजपुरवठा मुख्य फळीवरून बंद करून, टेस्टरने तारांत प्रवाह नसल्याची खात्री करावी. भिंतीवरचे बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. खाली बादली ठेवून ट्रॅप सोडवावा. भांडी धुण्याच्या यंत्राची नळी जोडलेली असल्यास तीही काढावी. यंत्राचे वजन पाच ते दहा किलोग्रॅम असू शकते. म्हणून त्यास खालून आधार देऊन मगच टांगणीचे कडे फिरवावे. हे काम दोघांनी करणे श्रेयस्कर आहे.

(इ) नवी टांगणी : सिंकच्या भोकाभोवतीची जुनी पुट्टी पूर्णपणे खरवडून काढावी. नव्या झाकणकड्याच्या खालच्या बाजूस पुट्टीची वळी लावून ते भोकात दाबून बसवावे. ग्रॅनाइट किंवा अन्य दगडी सिंकला पुट्टीतील तेलाचा डाग पडू शकतो, म्हणून तेथे सिलिकोन वापरावे. सिंकच्या खालून रबरी वायसर, आधारकडे व टांगणीचे कडे या क्रमाने चढवावेत. तिन्ही स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. एकच स्क्रू आधी घट्ट केल्यास कडे तिरपे बसते व पुढे गळती सुरू होते.

(ई) यंत्र टांगणे : भांडी धुण्याचे यंत्र जोडावयाचे असल्यास त्याच्या नळीच्या तोंडातील प्लास्टिकची चकती ठोकून पाडावी आणि दळणकक्षातून बाहेर काढावी. ही चकती तशीच राहणे, ही नवख्यांच्या हातून नेहमी होणारी चूक आहे. तिच्यामुळे पाणी तुंबून भांडी धुण्याचे यंत्रच बिघडल्याचा भास होतो. पुढील भागात सांगितलेली विजेची जोडणी बहुधा याच टप्प्यावर, यंत्र खाली असतानाच करावी लागते. नंतर यंत्र उचलून टांगणीत अडकवावे, कडे फिरवून घट्ट करावे व ट्रॅप पुन्हा जोडावा. ट्रॅपच्या वळणात नेहमी पाणी साठून राहते. गटारातील वायू घरात येऊ न देणारा तोच अडसर असल्यामुळे तो कधीही वगळू नये.

(उ) परीक्षण : दळणकक्षात स्क्रू किंवा हत्यार राहिले नसल्याची विजेरीच्या उजेडात खात्री करावी. बूच लावून सिंक पाण्याने भरावे, मग बूच काढून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून पाहावा. कागद कोरडा राहिला तरच वीजपुरवठा सुरू करावा.

६. विजेची जोडणी : एक गंभीर धोका

मराठी वाचकाने येथे विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. भारतातील जुन्या घरगुती जोडणीत लाल तार फेजची, काळी तार न्यूट्रलची व हिरवी तार अर्थिंगची असते. अमेरिकेत मात्र काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची असते. अर्थात, जी काळी तार भारतात निरुपद्रवी मानण्याची सवय आहे, तीच अमेरिकेत जिवावर बेतू शकते. तेथे काळीस काळी, पांढरीस पांढरी आणि अर्थिंगची तार यंत्राच्या हिरव्या स्क्रूस जोडावी. धातूचे सिंक, पाणी व वीज एकत्र येणाऱ्या ठिकाणी अर्थिंग ऐच्छिक असू शकत नाही. थेट तारांऐवजी प्लगची व्यवस्था असल्यास काम सोपे होते. नवी वायर ओढावी लागत असेल, तर परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच काम करून घ्यावे.

अमेरिकेतील यंत्र मायदेशी परतताना सामानाबरोबर आणण्याचा मोह टाळावा. तेथील घरगुती पुरवठा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ असतो, येथील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरविता येते, वारंवारता बदलत नाही. त्यामुळे प्रवर्तन मोटार मंद फिरते व अधिक तापते. भारतीय पुरवठ्यास अनुरूप यंत्रे येथेच विकत मिळतात.

७. वापराचे नियम

यंत्र सुरू करण्यापूर्वी थंड पाण्याची धार सोडावी आणि दळण संपल्यावरही काही वेळ ती चालू ठेवावी. गरम पाण्याने तूप-तेल वितळते, पुढे नळीत थिजते व तेथे थर धरते. मराठी स्वयंपाकघरातील काही पदार्थ या यंत्रास मुळीच मानवत नाहीत. शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, कणसाची साले व केस, नारळाची शेंडी यांचे तंतू तबकडीभोवती गुंडाळले जातात. उरलेला भात व कणीक पाण्याने फुगून चिकट होतात आणि ट्रॅपमध्ये बसतात. तळणीचे तेल तर कोणत्याही सिंकमध्ये ओतू नये. खरकटे एकदम न कोंबता थोडेथोडे घालावे.

८. नळीच्या पलीकडे

दळलेले अन्न गटारात गेल्याने सांडपाण्यातील सेंद्रिय भार वाढतो. शुद्धीकरण केंद्रात तो कुजविण्यासाठी अधिक प्राणवायू, पर्यायाने अधिक वीज लागते. जेथे मैल्यापासून मिथेन वायू मिळवून वीजनिर्मिती केली जाते, तेथे याच भाराचा काही अंश उपयोगी पडतो. अशा शहरात यंत्राचे समर्थन करता येते. सेप्टिक टाकी असलेल्या घरी मात्र घनपदार्थांचा गाळ लवकर साचतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही अशा घरांना यंत्राचा वापर टाळण्याचा किंवा मर्यादित ठेवण्याचा सल्ला देते.

आता महाराष्ट्राकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशाच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, तर उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. म्हणजे निम्म्याहून अधिक सांडपाण्यासाठी क्षमताच उपलब्ध नव्हती. राज्यातील अनेक लहान शहरांत घरे सेप्टिक टाकीवर अवलंबून आहेत. अशा ठिकाणी सिंकमध्ये दळलेले खरकटे अखेरीस नाल्यात, नदीत किंवा टाकीच्या गाळात जाते.

पाण्याचा हिशेबही दुर्लक्षिता येत नाही. मिनिटास आठ लिटरची धार धरली व यंत्र दिवसातून दोन मिनिटे चालविले, तर महिन्यास सुमारे ४८० लिटर पाणी केवळ खरकटे वाहून नेण्यात खर्ची पडते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीस हा खर्च परवडणारा नाही. याउलट, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला कचरा वेगळा ठेवण्याचे व मोठ्या गृहसंकुलांनी शक्यतो आवारातच त्यावर प्रक्रिया करण्याचे बंधन घातले. वेगळ्या ठेवलेल्या खरकट्याचे खत होते, बायोगॅस होतो. दळून पाण्यात मिसळलेल्या खरकट्यापासून ते घरच्या घरी परत मिळविता येत नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. हे यंत्र बसविणे अथवा बदलणे सर्वसामान्य व्यक्तीस शक्य आहे. मात्र माप, टांगणीचा समतोल, ट्रॅप व अर्थिंग यांबाबत तडजोड करता कामा नये. वीज बंद असल्याची खात्री आणि तारांच्या रंगांचे स्थानिक ज्ञान या दोन बाबींवर जोडणाऱ्याचे प्राण अवलंबून असतात. शुद्धीकरणाची सक्षम व्यवस्था असलेल्या शहरात बिघडलेले यंत्र बदलणे गैर नाही. परंतु सेप्टिक टाकी असलेल्या घरात किंवा सांडपाणी थेट नाल्यात जाणाऱ्या गावात ओल्या कचऱ्याचा झाकणाचा डबा व खताचा खड्डा हीच अधिक शास्त्रीय व्यवस्था ठरते. यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्या सिंकचे पाणी शेवटी कोठे जाते, याची चौकशी नगरपालिकेत किंवा गृहसंस्थेत अवश्य करावी. त्या उत्तरावरूनच यंत्राची गरज ठरवावी.