स्वस्तातला हायड्रॉलिक प्रेस सुधारताना

बेअरिंग, बुश काढण्या-बसवण्यासाठी छोट्या गॅरेजात असतो तो हायड्रॉलिक प्रेस म्हणजे लोखंडी चौकट आणि तिच्यात बसवलेला बाटली-जॅक. स्वस्त प्रेसमध्ये बहुधा चौकटच कमी पडते. म्हणून आधी गुण्या लावून ती काटकोनात आणावी, दोन्ही कर्ण सारखे भरले की मगच बोल्ट आवळावेत. जॅकची सरकती आडपट्टी डुगडुगत असेल, तर खांबांलगत नायलॉनच्या पट्ट्या बसवाव्यात. दाब सरळ उतरतो.

सोबत मिळणारे बिडाचे ठोकळे दाबाखाली अचानक फुटून तुकडे उडू शकतात. त्यांच्या जागी जाड माइल्ड स्टीलचे वापरावेत. ते तुटण्याआधी वाकतात, म्हणजे इशारा मिळतो.

सर्वांत उपयोगी भर प्रेशर गेजची. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. गेजवर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दिसले, की जोर जवळपास २ टन. गेजसाठी जॅकला भोक पाडण्याचे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे.

२० टनांच्या चौकटीत ३० टनांचा जॅक कधीही बसवू नये. दाब देताना समोर जाड पॉलिकार्बोनेटचा पडदा आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवाच.