संगणकाच्या पटावरील इंजिन आणि विहिरीवरील इंजिन

जालना जिल्ह्यात विहिरीवरील एकसिलिंडरी डिझेल इंजिन हाताने सुरू करावयाचे असले म्हणजे शेतकरी एक ठरावीक क्रम पाळतो. प्रथम तो सिलिंडरच्या माथ्यावरील खटका उचलून झडप उघडी ठेवतो. नंतर हँडल घालून जड चाक जोराने फिरवितो. आणि चाकाला पुरेसा वेग आला असे हाताला जाणवताच खटका सोडून देतो. त्याबरोबर हवा दाबली जाते, इंधन पेटते आणि इंजिन चालू होते. खटका अवेळी सोडला तर चाक अडते, क्वचित उलटा झटकाही देते. या साध्या क्रियेत ऊष्मागतिकी व यामिकी या दोन्ही शाखांचे एक महत्त्वाचे उदाहरण सामावलेले आहे.

अलीकडे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा इंजिनाशी पहिला परिचय निराळ्या मार्गाने होतो. संगणकाच्या पटावर चाके, दांडे, स्प्रिंगा व दंतचक्रे रेखाटावयाची, त्यांना घनता व घर्षण द्यावयाचे आणि कळ दाबून ती 'जिवंत' करावयाची, अशी भौतिकीची क्रीडांगणे आता सर्वांना उपलब्ध आहेत. त्यांत दट्ट्याची इंजिने आणि त्यांवर धावणारी वाहने बांधली जातात आणि ती खरोखर चालतात. परंतु 'चालतात' या शब्दाचा अर्थ कोणता, हा प्रश्न प्रबंधात वा प्रकल्पात अशा प्रतिकृतींचा आधार घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःस विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या साधनांच्या अंतर्रचनेकडे वळू. यांपैकी विशेष प्रसिद्ध असलेले 'अल्गोडू' हे साधन स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात जन्मास आले. एमिल अर्नरफेल्ट या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ते 'फन' या नावाने तयार केले व २००८ साली ते लोकांपुढे आले. त्याच विद्यापीठात २००७ साली क्लोद लाकूर्सिएर यांनी निर्बंधयुक्त यंत्रणांच्या गणनेवर प्रबंध सादर केला होता. त्या पद्धतीचा अल्गोडूला आधार मिळाला. सुमारे याच काळात, २००६ साली, एरिन कॅटो यांनी आघातांच्या क्रमिक दुरुस्तीची पद्धत मांडली आणि तीवर उभारलेले 'बॉक्स-टू-डी' अनेक संगणकीय खेळांच्या मुळाशी गेले.

या सर्वांची कार्यपद्धती स्थूलमानाने सारखीच आहे. काळाचे लहान लहान तुकडे पाडले जातात. सामान्यतः सेकंदाचे साठ. प्रत्येक पावलात गुरुत्व, स्प्रिंगा इत्यादींच्या बलांवरून वेग काढले जातात. कोणते पदार्थ एकमेकांस टेकले वा एकमेकांत शिरले ते पाहिले जाते. बिजागरी तुटू नये, पदार्थ पदार्थात घुसू नये, या निर्बंधांची पूर्तता होईल अशा रीतीने वेग दुरुस्त केले जातात. आणि शेवटी पदार्थ नव्या जागी सरकविले जातात. जे काही घडते ते या चार क्रियांतूनच घडते. वायूचे नियम, ज्वलन, उष्णतेचे वहन यांना या व्यवस्थेत मुळात स्थान नसते.

असे असता तेथे इंजिन चालते कसे? एक रूढ युक्ती अशी की, दट्ट्या माथ्याशी आला म्हणजे सिलिंडरच्या बंदिस्त जागेत एकाएकी अनेक लहान गोळे निर्माण करावयाचे. जागा अपुरी असल्याने हे गोळे जन्मतःच एकमेकांत शिरलेले असतात. निर्बंधभंग झाला असे पाहून गणक त्यांना वेगाने दूर लोटतो, आणि त्या लोटण्याने दट्ट्या खाली जातो. बघणारा त्यास स्फोट म्हणतो. वस्तुतः ही ऊर्जा कोणत्याही इंधनातून आलेली नसून, एका अशक्य स्थितीची दुरुस्ती करताना गणनेतून निर्माण झालेली आहे. पावलाची लांबी किंवा गोळ्यांची मांडणी बदलली की या 'इंधना'ची शक्तीही बदलते.

याच्या तुलनेसाठी एक खरे इंजिन घेऊ. किर्लोस्करांचे 'टीव्ही-१' हे इंजिन आपल्या देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून इतके आढळते की, पर्यायी इंधनांवरील भारतीय शोधनिबंधांत त्याची मापे पुनःपुन्हा भेटतात : सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, आकारमान ६६१ घन सेंटिमीटर, संपीडन गुणोत्तर १७.५, आणि मिनिटाला १,५०० फेऱ्यांस ५.२ किलोवॉट शक्ती.

या मापांवरून शेतकऱ्याच्या खटक्याचा हिशेब मांडता येतो. सिलिंडरात गळती नाही व उष्णता बाहेर जात नाही असे मानून आणि घातांक १.३५ धरून पाहिले, तर दाबलेल्या हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे ४८ पट होतो आणि ३०० केल्व्हिन तापमानाची हवा सुमारे ८१७ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे ५४० अंश सेल्सिअसच्या वर तापते. डिझेल आपोआप पेटण्यास याहून पुष्कळच कमी तापमान पुरते. प्रत्यक्षात थंड भिंती व गळती यांमुळे हे आकडे उतरतात. हाताने हळू फिरविल्यास इंजिन पेटत नाही याचे कारण तेच. या संपीडनास सुमारे ३४५ ज्यूल काम लागते. त्यापैकी ६६ ज्यूल बाहेरील हवा दट्ट्याच्या पाठीवर दाबून देते. उरलेले सुमारे २८० ज्यूल चाकात आधीच साठलेले असावे लागतात. खटका उचलून चाक फिरविणे म्हणजे ही ठेव जमा करणे होय.

पटावरील इंजिनात ही ठेव सहसा लागत नाही, कारण तेथे दाबण्यासारखी हवाच नसते. म्हणून ते सहज सुरू होते. आणि याच कारणास्तव संपीडन गुणोत्तर, इंधनाचा खप वा कार्यक्षमता यांविषयी त्याच्याकडून काही शिकता येत नाही.

दुसरी अडचण काळाच्या तुकड्यांची. मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. सेकंदाचे साठच तुकडे पाडले तर एका पावलात भुजादंड १५० अंशांतून वळतो. दट्ट्याची एक संपूर्ण धाव १८० अंशांची असते. तेव्हा शक्तीची सगळी धाव जेमतेम एका पावलात उरकते. एकेक अंश पाहावयाचा झाल्यास सेकंदाला ९,००० पावले हवीत. पटावरील इंजिने मंदगती असतात ती यामुळेच. मिनिटाला ६० फेऱ्यांस एका पावलात केवळ ६ अंश वळण होते, आणि तेथपर्यंत चित्र विश्वसनीय राहते.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म, आणि म्हणून सर्वांत घातक आहे. सेकंदाला एक आंदोलन करणारी घर्षणरहित स्प्रिंग घ्या. ऑयलरच्या सरळ पद्धतीने, सेकंदाच्या साठाव्या भागाच्या पावलाने तिचे गणित केले, तर प्रत्येक पावलास ऊर्जा सुमारे १.१ टक्क्याने वाढते. एका सेकंदाअखेर ती १.९ पटीहून अधिक होते. याच्या उलट, पूर्णतः अव्यक्त पद्धतीने तेच गणित केले तर एका सेकंदात ऊर्जा जवळजवळ निम्मी उरते, आणि ती कोणत्याही घर्षणाने खाल्लेली नसते. स्थान काढताना नव्या वेगाचा उपयोग करणारी अर्धअव्यक्त पद्धत या दोहोंच्या मध्ये ऊर्जेस मर्यादेत ठेवते, व म्हणूनच ती या साधनांत लोकप्रिय आहे. तथापि टकरी आणि निर्बंध आले की तीही हमी उरत नाही.

या संदर्भात भास्कराचार्यांच्या एका यंत्राचे स्मरण होते. इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या यंत्राध्यायात, पोकळ आऱ्यांत अर्धवट पारा भरलेले व आपोआप फिरणारे चाक वर्णिलेले आहे. त्यांच्या पश्चात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, ज्यांचा ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला त्या आचार्यांचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. कागदावर ते चाक फिरते. लाकडात व पाऱ्यात फिरत नाही, कारण पूर्ण फेऱ्यात गुरुत्वाने केलेले काम शून्य असते. संगणकाच्या पटावर मात्र एखादे असे चाक फिरू लागल्याचा अनुभव येऊ शकतो. त्या वेळी विद्यार्थ्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर शंका घेऊ नये. गणनेची चूक त्या चाकास ढकलीत आहे, हे ओळखावे.

मग ही साधने अभ्यासास निरुपयोगी म्हणावयाची काय? मुळीच नाही. दृढ पदार्थांच्या गतीच्या क्षेत्रात ती उत्तम शिक्षक आहेत. प्रचक्राचेच उदाहरण घेऊ. वरील इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच शक्ती मिळते. प्रत्येक चक्र ०.०८ सेकंदाचे व त्यातील उपयुक्त काम ४१६ ज्यूल. पंपाचा भार मात्र सतत असतो, आणि प्रचक्र मधल्या तीन धावांची उणीव भरून काढते. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतील सळयांच्या रोलिंग मिलमध्ये याच्या नेमके उलट घडते. तेथे मोटर सारखी फिरते आणि भार धक्क्याधक्क्याने येतो. तापलेला लोखंडी तुकडा रुळांमध्ये शिरतो त्या क्षणी प्रचक्र आपल्या ठेवीतून ऊर्जा देते, व पुढील तुकडा येईपर्यंत मोटर ती पुन्हा भरते. या दोन्ही व्यवस्था पटावर मांडून, चाकाचे वस्तुमान व त्रिज्या बदलून, वेगातील चढउतार मोजणे हा पदव्युत्तर वर्गास साजेसा प्रयोग आहे.

वाहनांबाबतही असेच. ऊस भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढील चाके का उचलली जातात, हे द्विमितीय पटावर स्पष्ट दिसते. उदाहरणादाखल ट्रॅक्टरचे वजन २०,००० न्यूटन, गुरुत्वमध्य मागील आसाच्या ०.७ मीटर पुढे आणि घर्षणांक ०.८ माना. मागील चाके जास्तीत जास्त १६,००० न्यूटन ओढ देऊ शकतील. ट्रॉलीचा आकडा जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर पुढील चाके उचलण्यास २८,००० न्यूटन लागतील. म्हणजे त्यापूर्वीच मागील चाके घसरतील व चालक वाचेल. तोच आकडा एक मीटरवर बांधला तर १४,००० न्यूटनांतच पुढील भाग उचलला जातो. रानात जो प्रयोग प्राणघातक ठरेल तो पटावर निर्धास्तपणे करता येतो. मात्र तेथील घर्षणांक हा एक स्थिर आकडा असतो. पावसानंतरच्या काळ्या मातीत चाक रुतते, माती चाकास चिकटते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक पकड बदलते. यातील काहीही पटास ठाऊक नसते. शिवाय बाजूस कलंडणे हा तिसऱ्या मितीचा विषय असल्याने तोही तेथे येत नाही.

तेव्हा पटावर बांधलेल्या यंत्रावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन कसोट्या लावाव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, काळाचे पाऊल निम्मे करून तोच प्रयोग पुन्हा करावा. उत्तर लक्षणीय बदलले तर ते यंत्राचे नसून पावलाचे उत्तर आहे असे समजावे. दुसरी, इंधन व घर्षण दोन्ही बंद करून एकूण ऊर्जेचा हिशेब ठेवावा. ती वाढत वा घटत असेल तर किती, याची नोंद निष्कर्षाबरोबर द्यावी. तिसरी, निदान एक राशी प्रत्यक्ष यंत्रावर मोजून ताडून पाहावी. महाविद्यालयात इंजिन एकच असले तरी या तिसऱ्या कसोटीस ते पुरेसे आहे. आणि तेही नसेल तर शिवारात विहिरीवर ते आहेच. तेथे जाऊन, खटका उचलून, हँडलाला हात घातला म्हणजे वर मांडलेले २८० ज्यूल किती होतात याचा अंदाज दंडाला येतो. पटावरील इंजिन बांधणाऱ्या विद्यार्थ्याने तो एकदा अवश्य घ्यावा.